एक म्हणजे किती?

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसलात, तर हा संवाद हमखास कानावर पडेल. डॉक्टर विचारतात, "काय मावशी, कंबरेला फरक किती?" मावशी जरा आठवून बघतात आणि सांगतात, "रुपयातलं बारा आणं बरंय बघा." १९५७मध्ये दशमान पद्धत आली आणि आणे गेले. मावशींचा जन्मही बहुधा त्यानंतरचाच. तरी दुखण्याचा हिशेब आपल्याकडे अजून आण्यांत चालतो आणि डॉक्टरांना तो नेमका कळतो. बारा आणे म्हणजे बराच उतार आहे, पण चार आणे अजून ठणकतंय. गोळ्या लगेच बंद नकोत.

हेच उत्तर अमेरिकेतल्या एखाद्या मावशींनी दिलं, तर त्यांचा पुढचा उपचार अडकू शकतो. बारा आणे म्हणजे ७५ टक्के. मणक्याच्या सांध्याची नस जाळायची असेल, तर तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या नियमांना ८० टक्के लागतात. तेही एकदा नाही, दोन वेगवेगळ्या वेळी. आण्यांत सांगायचं तर बारा आणे आणि वर नऊ-दहा पै. कमी पडले ते तेवढेच.

हा उपचार काय आहे ते आधी सांगतो, कारण सगळा प्रश्न त्यातूनच निघतो. आपल्या मणक्यांच्या मागच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, छोटे सांधे असतात. वय झालं, ओझी वाहिली, की तेही गुडघ्यासारखेच झिजतात. आपल्याकडे त्यालाही सरसकट 'मणक्यात गॅप' म्हणतात, पण ते राहू दे. या सांध्यांची दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसा असतात. डॉक्टर आधी त्या नसांपाशी भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. काही तास दुखणं थांबलं, तर गुन्हेगार सापडला असं मानायचं. किमान दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावून पुन्हा तेच करायचं, कारण एका इंजेक्शनला माणूस नुसत्या आशेनंही हो म्हणतो. मग एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई नेऊन बसवायची, बारीक करंट सोडून विचारायचं, "इथंच दुखतं ना?" आणि सुईचं टोक ८० अंशांपर्यंत तापवून मिनिट-दीड मिनिट नस भाजायची. सांधा तसाच राहतो. बातमी नेणारा तेवढा जातो. नस पुढे सहा महिन्यांत, वर्षभरात पुन्हा वाढते, दुखणं परत येऊ शकतं, आणि सगळं पहिल्यापासून.

सतराव्या शतकात देकार्तनं वेदनेची कल्पना दोरी आणि घंटेसारखी मांडली होती. पायाला चटका बसला की दोरी ओढली जाते आणि वर मेंदूत घंटा वाजते. वेदनेचं विज्ञान त्याच्या फार पुढे गेलंय, पण हा उपचार मात्र अगदी शब्दशः दोरी कापण्याचा आहे.

माझी एक मैत्रीण बारामतीत बसून या कापलेल्या दोऱ्या मोजते. तिचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरेच्या डाव्या कालव्याकडेचं. बीएस्सी झाली, पुण्यात कोर्स केला, सीपीसीची परीक्षा दिली. चार तासांत शंभर प्रश्न, पास व्हायला सत्तर टक्के. आता ती एका कंपनीसाठी घरून मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतल्या डॉक्टरनं लिहिलेली नोट तिच्या पडद्यावर येते. ती वाचून काय आजार, काय उपचार याचे आकडे लावायचे. त्या आकड्यांवर विमा कंपनी पैसे देते किंवा देत नाही. पेशंटबद्दल ती मला काही सांगत नाही, सांगायला परवानगीही नाही. त्यामुळे इथली कोडिंगची उदाहरणं पुस्तकातली आहेत. पण पुस्तकंही पुरेशी बोलकी आहेत.

कमरेच्या पहिल्या सांध्याला कोड ६४६३५. त्याच बैठकीत दुसरा सांधा केला तर त्याला ६४६३६. मानेला आणि छातीमागच्या मणक्यांना ६४६३३ आणि ६४६३४. हे चारही कोड २०१२मध्ये आले. गंमत, म्हणजे नव्या कोडरची हमखास चूक, पुढे आहे. डॉक्टर लिहितात, 'तीन नसा जाळल्या.' नवा मुलगा तीन मोजतो. उत्तर दोन असतं. प्रत्येक सांध्याकडून दोन नसा निघतात. चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या सांध्याला तिसरी आणि चौथी नस, त्याच्या खालच्या सांध्याला चौथी आणि पाचवी. मधली चौथी दोघांत सामाईक. म्हणून नसा तीन, भाजणं तीन वेळा, पण 'एक' म्हणजे नस नव्हे, 'एक' म्हणजे सांधा. बिल दोन सांध्यांचं.

हे तिनं मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मला वैद्यकशास्त्र आठवलं नाही, ऊस आठवला. बारामती-इंदापुरात वाढलेल्या कुणालाही तोच आठवेल. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या येतात. माळेगाव, भवानीनगर, जो कारखाना असेल त्याच्या गटात फडाच्या कडेला कोप्या पडतात. मुकादमाच्या वहीत माणसं लिहिलेली नसतात, कोयते लिहिलेले असतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो, आणि बाई आजारी पडून फडात आली नाही तर खाडा कोयत्यावर पडतो. माणसं दोन, पाठी दोन, मोळ्या वाहणारी डोकी दोन. 'एक' म्हणजे कोयता.

गणित दोन्हीकडे सारखंच दिसतं: दोन नसा म्हणजे एक सांधा, दोन माणसं म्हणजे एक कोयता. मग पहिल्या हिशेबाचा मला राग येत नाही आणि दुसऱ्याचा येतो, तो का? नुसतं 'माणसं म्हणजे नसा नव्हेत' म्हणून सुटत नाही. तेवढंच असतं तर कुटुंबाला एक रेशनकार्ड असण्याचाही राग यायला हवा होता.

मला वाटतं, फरक 'एक' कुणाच्या बाजूनं ठरवला यात आहे. आजीला नस दुखत नाही. नस तिनं कधी पाहिलेली नाही, तिला त्या नसेचं नावही नको आहे. तिला दुखतो तो सांधा. वाकताना, वळताना, अंथरुणातून उठताना. सांधा हे एकक धरलं, तर मोजणी तिच्या तक्रारीच्या जवळ राहते. नस धरली, तर ती डॉक्टरच्या सुईच्या जवळ जाते, आणि एका सांध्याची दोन बिलं करायचा मोह उभा राहतो. कोयत्याचं उलटं आहे. बाईला 'कोयता' दुखत नाही. तिला तिची कंबर दुखते, एकटीची. पहाटे भाकरी तिनं एकटीनं थापलेल्या असतात, त्याचं माप कोयत्यात धरलेलं नसतं. कोयता हे एकक उचल देणाऱ्याच्या सोयीचं आहे. एकाला पैसे दिले की दोघं बांधली जातात.

कोडिंगवर जो सर्वात मोठा आक्षेप घेतला जातो, तो म्हणूनच मला अर्धाच पटतो. आक्षेप असा: माणसाचं दुखणं आकड्यात बसत नाही, आकड्यात कोंबणं हाच अन्याय. साहित्यिक मंडळींचा हा लाडका मुद्दा आहे. त्यात तथ्य आहेच. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, उसण भरते, पाठ भरून येते, कंबर धरते, अंग मोडून येतं. अमेरिकेतल्या आजाराच्या यादीत झिजलेल्या कमरेच्या मणक्याला एम ४७.८१६ आहे, तोही 'नस किंवा मज्जारज्जू दबलेला नाही' अशा अटीसकट. नुसत्या कंबरदुखीला एम ५४.५ होता, तो ऑक्टोबर २०२१मध्ये मोडून त्याचे तीन केले. तिनांतही 'भरून येणं' कुठंच नाही.

पण शब्द तरी कुठं दुखणं बसवतात? 'ठणका' म्हटल्यावर तुम्हाला माझा ठणका कळत नाही, तुमचा आठवतो. मावशींचे बारा आणे हाही आकडाच आहे. आणि तो डॉक्टरांना चालतो, कारण समोर मावशी बसलेल्या आहेत. त्या उठताना कशा उठल्या, ते त्यांनी पाहिलेलं आहे. आकडा चुकला तर माणूस दुरुस्त करतो. कोडची गरज पडते ती माणूस समोर नसतो तिथं. हजारो मैलांवरचा एक अनोळखी कारकून दुसऱ्या अनोळखी माणसाच्या उपचाराचे पैसे देणार आहे. त्याला चेहरा दिसणार नाही. त्याला फक्त साक्ष लागते. कोड म्हणजे दुखण्याचं वर्णन नव्हेच. ती साक्ष आहे, आणि साक्षीदारानं पाहिलं त्यापेक्षा जास्त सांगायचं नसतं.

कोडरच्या धंद्यातला पहिला नियम तोच आहे: लिहिलं नसेल तर झालंच नाही असं धरायचं. समजा, नोटमध्ये 'नस जाळली' एवढंच आहे, तापमान नाही. ८० अंशांखालची उष्णता किंवा पल्स पद्धत असेल तर ६४६३५ लावता येत नाही. त्याला ६४९९९ हा 'बिननावाचा' कोड आहे, आणि त्यावर पैसे मिळतीलच असं नाही. कोडरला अनुभवानं माहीत असतं की हा डॉक्टर नेहमी ८० अंशच वापरतो. तरी तिनं अंदाजानं लावायचं नाही. क्वेरी टाकायची, उत्तराची वाट बघायची. इकडे दिवसाचं टार्गेट डोक्यावर असतं आणि क्वेरीला थांबलेला चार्ट त्यात धरत नाहीत. आणि समजा नोटमध्ये लिहिलंय, 'पहिल्या इंजेक्शननं ७५ टक्के आराम.' पाच टक्क्यांसाठी एका म्हातारीचं झोपणं-उठणं अडलंय, हे स्वच्छ दिसतं. आकडा बदलण्याचा अधिकार कोडरला नाही, पण मनात तरी बदलावासा वाटतोच की नाही?

मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "वाटतं. पण आज मी तिच्यासाठी ऐंशी मानले, तर उद्या कुणी डॉक्टरसाठी मानेल." ही भीती पोकळ नाही. याच सांध्यांच्या नसा जाळण्याच्या बिलांची अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी तपासणी केली आणि नियमात न बसणाऱ्या बैठकांचे पैसे मेडिकेअरनं दिल्याचं २०२१मध्ये दाखवून दिलं. जिथं आकडा सैल, तिथं फायदा म्हातारीचा होईल अशी आपली समजूत असते. फायदा बहुतेक वेळा ज्याच्या हातात पेन असतं त्याचा होतो. मुकादमाची वही ज्यानं पाहिलीय त्याला हे अमेरिकेचं उदाहरण लागत नाही.

तरीही ८० टक्के हे एकक कुणाच्या बाजूनं ठरलं, हा प्रश्न उरतोच. पैसे देणाऱ्याच्या. त्याची कारणं आहेत. एका इंजेक्शननं फसायला होतं, नस उगाच जळू नये. मान्य. पण टक्के ही आजीची भाषा नाही. ती ७५ म्हणते तेव्हा तिनं काही मोजलेलं नसतं, तिला 'बरंच' म्हणायचं असतं. कुणी तिला आधी सांगितलं असतं की ऐंशीला दार उघडतं, तर ती ऐंशी म्हणाली असती, आणि ते खोटं ठरलं नसतं. म्हणजे दार उघडतं ते जिला दाराची उंची माहीत आहे तिला. दुखणं वैद्यकात मुळात माणसाच्या सांगण्यावरच उभं आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२०मध्ये व्याख्या सुधारताना हे स्पष्ट केलं की माणूस दुखतं म्हणतो तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. मान राखायचा आणि दोनदा उलटतपासणीही घ्यायची, ही कसरत आहे. मला तिच्यात लबाडी दिसत नाही. पण कसरतीचा भार म्हातारीवरच का, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

आजारांना आकडे देण्याची सुरुवातच मुळात जिवंत माणसांसाठी झाली नव्हती. १८९३मध्ये जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं शिकागोच्या परिषदेत मांडली ती मृत्यूच्या कारणांची यादी होती. आजची सगळी यादी तिच्यातूनच वाढली. मेलेला माणूस आकड्याशी भांडत नाही, त्यामुळे काम सोपं होतं. कंबरदुखीनं कुणी मरत नाही, म्हणून ती आत यायला वेळ लागला. जुनाट वेदना हा स्वतःच एक आजार असू शकतो, अशी स्वतंत्र जागा तिला जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आवृत्तीत मिळाली. ती लागू झाली १ जानेवारी २०२२ला. शंभरावर वर्षं लागली.

इथं आपल्याकडे येतो. आपल्याकडेही कोड आहेत. विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये आजाराच्या कोडचा रकाना असतो. २०१२मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली आणि २०१७पासून महात्मा फुले यांच्या नावानं चालणारी जनआरोग्य योजना पॅकेजांवरच चालते. यादीत असेल ते मिळतं. 'आयुष्मान भारत'चंही तसंच. या योजना दवाखान्यात भरती होण्यासाठी आहेत. पण कंबरदुखी भरती होत नाही. ती ओपीडीच्या रांगेत उभी राहते, गोळ्या घेते आणि फडात परत जाते. इथं 'एक' म्हणजे एक भरती. जी भरतीच होत नाही, ती पाठ मोजणीत येत नाही.

मोजणीत येण्यानं काय होतं, हेही आपण पाहिलंय. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात, हे लोक दबक्या आवाजात बोलतच होते. २०१९मध्ये राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ बायका मोजल्या गेल्या, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तोवर ती 'चर्चा' होती, मग विधिमंडळाला तोंड चुकवता येईना. तिथं बायका मोजल्या, कोयते नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. कोयते मोजले असते तर काहीच दिसलं नसतं.

आणि ते प्रकरण या उपचाराच्या फार लांबचं नाही. पाळी आली की खाडा, म्हणून पिशवीच काढायची. दुखतं म्हणून काम अडतं, म्हणून बातमी नेणारी नस जाळायची. ओहायोतल्या सत्तर वर्षांच्या बाईची घंटा बंद करणं मला पूर्ण रास्त वाटतं. तिचा सांधा झिजलाय, तो आता काही नवीन सांगत नाही, फक्त छळतोय. पण जिला उद्या पहाटे पुन्हा मोळी उचलून फळीवरून ट्रॅक्टरवर चढवायची आहे, तिची घंटा खरं बोलत असते. ती बंद केली की ओझ्याची सोय होते. दोघींच्या पाठीत सुई तीच, अंश तेवढेच, आणि कोडही तोच, ६४६३५. हा फरक कोडनं दाखवावा अशी माझी अपेक्षा नाही. तो दाखवायचं काम आधीच्या ओळींचं आहे, जिथं डॉक्टर लिहितो की ही बाई काय करते, किती उचलते आणि केव्हापासून.

बारामतीत २०१९पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत दर हंगामात कोप्या पडतात. डॉक्टर आहेत, पाठी आहेत. मधे नोट नाही.

मागच्या गळिताच्या दिवसांत मी मैत्रिणीला म्हटलं, समज तुझ्या गावातल्या फडातली बाई तुझ्या पडद्यावर आली, तर काय लावशील? तिला हा खेळ आवडला. रात्रीची पाळी सुरू व्हायला वेळ होता. तिनं पटापट सांगायला सुरुवात केली. "एम ४७.८१६, कमरेचे सांधे. मग कारणांचे कोड. एक्स ५०.०, अति ओझं उचलल्यानं. कुठं झालं त्याचा असतो, वाय ९२.७३, शेतात. आणि वाय ९९.०, मजुरीसाठी काम करताना. गाईनं धडक दिली तरी कोड आहे त्यांच्याकडं, डब्ल्यू ५५.२२. सगळं आहे."

"मग लाव की."

"कशावरून लावू?" ती म्हणाली. "नोट कुणाची आहे?"